हातचा

माझं काम कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.
पार्टीत कुणी विचारलंच तर म्हणायचे,
घड्याळजी आहे.
एकच गिऱ्हाईक, तेही पावणेतीन अब्ज किलोमीटरवर.

दर गुरुवारी मेबलचं घड्याळ किती मागे पडलं ते काढायचं:
तिचा ठोका, आपला ठोका, मधला प्रकाशाचा प्रवास,
थंडीने सुस्तावलेला स्फटिक,
आणि उरेल तो हातचा
पुढच्या गुरुवारी धरायचा.

चोवीस वर्षं.
मेरीलँडमधल्या लॉरेल गावात, रूट वनवर,
टायरच्या दुकानामागच्या भाड्याच्या घरात
दोन गाड्या झिजल्या, एक नवरा गेला
(बॉस्टनला; देवाघरी नव्हे).
मेबल तेवढी वेळेवर.

जनेलने एकदा विचारलं होतं,
तुमच्याकडे या ग्रहाला काय म्हणतात?
हर्षल, म्हटलं.
माझ्या वर्गात दोन हर्षल होते,
एकाने माझं कर्कटक अजून परत केलेलं नाही.
कुणा परदेशी माणसाचं आडनाव
आमच्या पंचांगात शिरलं
आणि तिथून थेट पाळण्यात.
ती हसली.
मेबल सुटली तेव्हा ती जन्मलीही नव्हती.
शेवटची आज्ञा तिच्याच बोटाने गेली.

हा ग्रह कुशीवर निजून फिरतो.
एका टोकाला बेचाळीस वर्षं उजेड,
मग बेचाळीस वर्षं अंधार.
तिथे किती वाजले याला अर्थ नाही,
पण मला ठाऊक असायचं.

अकोल्याहून अण्णाचा फोन आला
की पहिला प्रश्न तोच:
तुमच्याकडे किती वाजले?
तब्येत नंतर, भाच्याची ॲडमिशन त्याहून नंतर.
मी सांगायचे. तो "बरं" म्हणायचा,
जणू ताळा जुळला.
वहिनीने पुढे सांगितलं,
फ्रीजवरचं एक घड्याळ त्याने माझ्या वेळेला लावलेलं होतं,
तरी विचारायचा.
ते अजून आहे का, मी विचारलं नाही.

तर मेबल.
भरकटून एखाद्या चंद्रावर पडू नये
म्हणून तिला ढगांत सोडायचं ठरलं.
इंधन उरलं होतं ते त्या एका वळणात ओतलं.
हातचं काही राखायचं नाही, असं डेल म्हणाला,
म्हणजे इंग्रजीत काहीतरी म्हणाला,
मी ते असं ऐकलं.

चार सतराला ती संपली.
सहा पन्नासपर्यंत बोलत राहिली.
मधले अडीच तास आम्ही
थंड झालेली कॉफी पीत बसलो,
कुणी कुणाकडे फारसं पाहत नव्हतं.
तापमान, दाब, वेळ.
तापमान, वेळ.
वेळ.

मागून कुणीतरी एक टाळी वाजवली,
दुसरी वाजवली नाही.
बाहेर गवतावर कॅनडाचे हंस
भांडत होते, रोजच्यासारखे.

तिच्या शेवटच्या निरोपाच्या माथ्यावर आकडा होता.
तो मी कॉफीच्या पावतीमागे उतरवला,
आपल्यातून वजा केला.
एकेचाळीस सहस्रांश सेकंद मागे.
बाजूला सवयीने बारीक लिहिला
हातचा एक.
कुठे धरायचा ते सुचेना,
पावती पर्समध्ये टाकली.

जनेलला घरी सोडायचं होतं.
गाडीत बसून किल्ली अर्धी फिरवली,
डॅशबोर्डवर उजळले आठ बावन्न.
खरे सात बावन्न.
थंडी पडून आठवडा झाला,
उन्हाळ्याचा तास मी उतरवलेला नव्हता.
कुठल्याच वर्षी उतरवत नाही,
मनातल्या मनात एक कमी करत जाते
मार्चपर्यंत.

तुमचं घड्याळ बिघडलंय, जनेल म्हणाली,
रडून तिचं नाक लाल झालेलं.
नाही गं, म्हटलं,
आळस माझा.
आणि किल्ली पुरी फिरवली.